शोभेचा दगडी प्याला, नग १

बिलावर एवढंच लिहिलं आहे. "शोभेचा दगडी प्याला, नग १, रु. ११,५००." खाली सही, आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही"चा शिक्का. दुकानदाराच्या तोंडून मात्र पाऊण तास भलतंच ऐकत होते. चीनचा आहे मॅडम, छिंग घराण्याच्या वेळचा, अस्सल जेड, दोनशे वर्षं तर कुठेच गेली नाहीत. हे परीक्षण म्हणजे त्याचं बोलणं आणि त्याचं बिल यांच्यामधल्या अंतराची हकीकत आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. जुन्या नागपुरात पितळी समया, ग्रामोफोनचे भोंगे, झुंबरं आणि बंद पडलेली लंबकाची घड्याळं मांडून बसलेली काही दुकानं आहेत, त्यांतलं एक. मालकाने नंतर थोडे पैसे परत केले, तेव्हा तेवढी माणुसकी माझ्याकडूनही.

यांची पासष्टी होती. यांना जुन्या वस्तूंचा नाद. घरात १४ अडकित्ते आहेत, त्यांतला एकही सुपारी धड कातरत नाही. मागे कुठल्याशा अंकात यांनी शाहजहानच्या मद्याच्या प्याल्याचा फोटो पाहिला होता. पांढऱ्या जेडचा, १६५७ सालचा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे तो. अर्ध्या भोपळ्यासारखं पोट, तळाला कमळाच्या पाकळ्या, आणि मूठ वळत वळत जाऊन शेवटी बोकडाचं डोकं होते. पान उलटायच्या आधी हे म्हणाले, "असं काही आपल्या घरी कधी यायचं नाही." नवऱ्याने सहज टाकलेलं वाक्य बायकोने मनावर घेतलं की खर्च होतो, तसा झाला.

दुपारचे तीन, बाहेर ४४ अंश, तोंडाला दुपट्टा बांधून मी अ‍ॅक्टिव्हावरून गेले. दुकानात एसी. मालकाने काचेच्या कपाटातून प्याला काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "पाहा किती थंडा आहे! गालाला लावून पाहा. जेडची हीच तर निशाणी." मी लावला. थंड लागला. आता वाटतं, मे महिन्यात नागपुरात उन्हातून आलेल्या बाईच्या गालाला एसीतला पाटा-वरवंटाही जेडच वाटला असता. मग त्याने मोबाईलचा टॉर्च आत धरला. भिंत उजळली, लिंबाच्या कोवळ्या पानासारखी, आत कुठे कुठे ढगासारखे पांढरे पुंजके. खोटं कशाला बोलू, तिथेच विरघळले. त्याने १८ हजार सांगितले, मी ८ म्हटले, चहा आला, ११,५०० ला तुटलं. सोबत लॅमिनेशन केलेलं एक कार्ड दिलं, "नॅचरल जेड". कार्डावर प्याल्याचा फोटो नाही, वजन नाही, तपासणाऱ्याची सही नाही. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईने ते कार्ड पर्समध्ये जपून ठेवलं.

आधी प्याल्याबद्दल, कारण प्याला बिचारा खोटं बोललेला नाही.

उंची साडेसहा सेंटिमीटर, तोंडाचा व्यास साडेसात, वजन २१४ ग्रॅम. दोन्ही बाजूंना कान आहेत आणि प्रत्येक कान म्हणजे एक जनावर. मागचे पाय प्याल्याच्या पोटावर रोवलेले, अंग भिंतीपासून सुटून कमानीसारखं बाहेर आलेलं, पुढचे पंजे काठावर, हनुवटी काठाच्या आत. दोघंही आत डोकावून पाहतात, जणू दूध उतू जाईल म्हणून. चेहरा मांजरासारखा चपटा, शिंगं नाहीत, शेपटी टोकाला दुभंगून दोन्हीकडे वळलेली. चिनी कलेत याला चिलोंग म्हणतात, बिनशिंगांचा ड्रॅगन. मिंग आणि छिंग काळातल्या जेडच्या प्याल्यांवर कान म्हणून हा प्राणी सर्रास दिसतो.

आमच्या घरात त्याला चिलोंग कोण म्हणणार? पासष्टीच्या दिवशी औक्षण झाल्यावर मी डबी उघडली. हे काही बोलेनात, चष्मा पुसत बसले. सासूबाईंचं वय ८६, पण नजर घारीची. त्या म्हणाल्या, "अवं माय, ह्या तर पाली होय! भांड्यावर पाली चढून राहिल्या आन् तू वाढदिवसाले देऊन राहिली?" त्यानंतर त्या प्याल्याचं नाव "पालीचा प्याला" पडलं ते पडलंच. तो ड्रॅगन आहे, चीनमध्ये शुभ मानतात, असं यांनी समजावून पाहिलं. "तिकडं मानत असतील. इथं पाल पडली तर आंघोळ करा लागते."

पण कारागिराचं काम नीट पाहिलं तर मन लागतं. दोन्ही जनावरं एकाच साच्यातली नाहीत. उजवीकडचं सरळ आत बघतं. डावीकडच्याने मान जराशी तिरकी केली आहे आणि त्याच्या तिरक्या मानेमुळे पाठीचा कणाही किंचित फिरला आहे. पाठीवर सुईच्या टोकाएवढ्या मणक्यांची ओळ आहे, ती मानेशी जवळ जवळ येते आणि कमरेशी विरळ होते. काठावरच्या पंजाची नखं दगडात रुतल्यासारखी दाखवली आहेत, म्हणजे काठ तिथे अगदी केसभर दाबला आहे. बोट फिरवलं तर कळतं, डोळ्यांना दिसत नाही. हे ज्याने केलं त्याला जनावर कसं चढतं ते ठाऊक होतं. बहुतेक त्याच्याही घराच्या भिंतीवर पाली असाव्यात.

वापरायला कसा? वाईट. पाणी मावतं ११० मिली, म्हणजे गोळी गिळण्यापुरतं. कानाच्या कमानीतून माझी करंगळीच जाते, यांची तीही नाही. काठ दोन्हीकडून हनुवट्यांनी अडवलेला, त्यामुळे मधूनच प्यावं लागतं. बूड अगदी सपाट नाही, टेबलावर टक-टक डुलतो. खाली जुन्या सिल्कचा तुकडा ठेवल्यावर थांबला.

संशय आला तो सासूबाईंमुळे. त्या "पालीवरची घाण" म्हणत ओल्या फडक्याने प्याला पुसत होत्या आणि फडक्याला तपकिरी डाग लागला. दुकानात याच तपकिरी रंगावर मालकाने पाच मिनिटं घेतली होती. "जमिनीत पुरलेला होता ना, मातीनं खाल्लाय, ही वयाची निशाणी." मुलीच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून मी जनावराच्या काखेतून फिरवला. कापूस बुटाच्या पॉलिशच्या रंगाचा झाला, आणि वासही तसाच. दोनशे वर्षांचं वय कापसाच्या तीन बोळ्यांत निघालं.

मग मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

इथे थोडं जेडबद्दल सांगावं लागेल. जेड नावाचा एक दगड नाही, दोन आहेत. नेफ्राइट आणि जेडाइट. दिसायला भाऊ-भाऊ, पण आतून वेगळी खनिजं. ही दोन वेगळी आहेत हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर याने १८६३ साली दाखवून दिलं. (याच साली आपलं नागपूरचं अजब बंगल्याचं संग्रहालय सुरू झालं. शाळेच्या सहली घेऊन किती वेळा गेले असेन, पण हे साल असं कधी उपयोगी पडेल वाटलं नव्हतं.) चीनमध्ये हजारो वर्षं जे कोरलं गेलं ते नेफ्राइट. त्याची नावाजलेली खाण म्हणजे आजच्या चीनच्या पश्चिम टोकाच्या खोतानच्या नद्या, युरुंगकाश आणि काराकाश, पांढरं जेड आणि काळं जेड देणाऱ्या. हिरवंगार जेडाइट ब्रह्मदेशातून यायचं आणि चीनमध्ये ते खऱ्या अर्थाने अठराव्या शतकापासून पसरलं. खोतानचा प्रदेश चीनच्या छिएनलुंग बादशहाने १७५९ मध्ये जिंकला आणि खोतानचा दगड राजवाड्यात भरभरून यायला लागला. गंमत म्हणजे या बादशहाला आपल्याकडच्या मुघल कारागिरांचं जेड इतकं आवडायचं की त्याने त्यावर कविता केल्या आणि त्या प्याल्यांवर कोरून घेतल्या. हिंदुस्थानचा प्याला चीनच्या राजाने मिरवायचा, आणि नागपूरच्या मास्तरणीने चीनच्या प्याल्यासाठी ११,५०० मोजायचे.

तर, तपासणी. आर्किमिडीज मी आठवी-नववीला वर्षानुवर्षं शिकवला. राजा, मुकुट, न्हाणीघर, युरेका, पोरं हसायची. घरी कधी वापरला नव्हता.

मुलीने केकसाठी आणलेला डिजिटल काटा काढला. कोरडा प्याला २१४ ग्रॅम. मग काट्यावर पातेलं ठेवलं, त्यात पाणी घातलं आणि काटा शून्यावर आणला. प्याल्याच्या दोन्ही कानांतून दोरा ओवून तो लाटण्याला बांधला, आणि लाटणं दोन्ही बाजूंच्या डब्यांवर आडवं टाकलं, एकात डाळ, दुसऱ्यात तांदूळ. प्याला पाण्यात पूर्ण बुडाला पाहिजे पण तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, नाहीतर सगळं मुसळ केरात. आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून आधी तिरका करून सोडला. काटा ८१, ८२, ८१, ८२ करत ८२ वर थांबला. प्याल्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. पुन्हा केलं, ८२. तिसऱ्यांदा यांनी केलं, ८१, कारण यांचा हात हलला.

२१४ भागिले ८२, म्हणजे २.६१. तेवढ्याच पाण्याच्या २.६१ पट जड, हीच त्याची घनता.

नेफ्राइटची घनता २.९५ च्या आसपास असते. तसं असतं तर काटा ७२-७३ वर थांबला असता. जेडाइट ३.३४, म्हणजे काटा ६४ वर. माझा प्याला पाण्यात उतरला तो दहा ग्रॅम जास्तीचा अपमान घेऊन.

२.६१ च्या जवळपास दगड बरेच आहेत. गारगोटीच्या जातीचा असता तर सुरीने ओरखडा पडला नसता. बुडाला, दिसणार नाही अशा जागी, पोलादी सुरीचं टोक ओढलं. पांढरी रेघ उमटली आणि तिथे दगडाची पूड बोटाला लागली. संगमरवरावर लिंबाचा थेंब फसफसतो, इथे काहीच झालं नाही. काचेत बुडबुडे दिसतात, यात नाहीत. उरला सर्पेंटाइन, जेडसारखा दिसणारा पण मऊ दगड. नंतर एका रत्नपरीक्षण लॅबमध्ये ६०० रुपये भरून खात्री केली. त्यांच्या यंत्रावर अपवर्तनांक, म्हणजे दगडात शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप, १.५६ आला. नेफ्राइटचा १.६१ असतो. सर्पेंटाइनच.

लॅबच्या आधी मी इतवारीत सराफ्यात गेले होते. तिथे आमच्या माहेरच्या ओळखीचे एक म्हातारे जवेरी बसतात. त्यांनी प्याला हातात घेतला, तोलला, आणि न बघताच म्हणाले, "वजन कमी आहे, बेटा." मग भिंग लावलं. जेडला त्यांच्याकडे संगेयशब म्हणत. छातीत धडधड होते त्यांच्या गळ्यात तो दगड बांधायचे, हौलदिली नावाने. "तो दगड असा नसतो. त्याला तुटायला फार जिवावर येतं." हे वाक्य मला फार आवडलं, कारण ते शास्त्रातही बसतं. नेफ्राइट फार कठीण नाही, पण चिवट भारी. आतले बारीक तंतू घोंगडीच्या लोकरीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. म्हणून तो छिन्नीने कोरत नाहीत. चाक फिरवायचं, ओली कठीण वाळू सोडायची आणि दगड घासत घासत झिजवायचा. खऱ्या जेडमध्ये असा कमानदार, अंगापासून सुटलेला कान काढायचा तर एका माणसाचे महिनेच्या महिने जायचे. सर्पेंटाइन मऊ, त्यात हेच काम पटकन होतं.

भिंगातून त्यांनी मला कानाच्या कमानीची आतली बाजू दाखवली. तिथे पॉलिश पोचलेलं नाही आणि एकसारख्या, समांतर, बारीक रेघा आहेत. "मशीन. दातांच्या डॉक्टरकडं असते तशी." मग नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. डाव्या जनावराच्या शेपटीशी एक धागा निळसर चमकला. तिथे कान तुटून गोंदाने जोडलेला होता! तिरकी मान मला आवडली, शेपटी त्याची तुटलेली निघाली. बुडाची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली. जुन्या प्याल्याची कड शंभर वर्षं टेबलावर घासून बोथटलेली असते. याची अजून बोटाला टोचत होती.

पैसे विचारले तर हात जोडले. त्यांच्यासाठी पाच तारे, पण ते इंटरनेट बघत नाहीत.

परत दुकानात गेले. हे सोबत आले, पण बाहेर गाडीजवळ उभे राहिले. भांडणाच्या वेळी हे नेहमी गाडीजवळच असतात. मालकाने आधी ओळख दाखवली नाही, मग दाखवली. मी लॅबचा कागद पुढे केला. त्याचा पहिला डाव ठरलेला: "मॅडम, बिलात जेड कुठं लिहिलंय?" दुसरा डाव मात्र चांगला होता, तो मान्य करते. म्हणाला, "चायनात यालाच जेड म्हणतात." यात अर्धं खरं आहे. चिनी भाषेत "यू" हा शब्द आपल्या जेडपेक्षा ऐसपैस आहे. लियाओनिंग प्रांतातल्या शियुयानचा सर्पेंटाइन तिथे कधीपासून त्याच नावाने विकला जातो. पण मग भाव शियुयानचा लावायचा होता ना, बादशहाचा कशाला?

तेव्हा मी आवाज न चढवता, वर्गात गृहपाठ मागावा तसं विचारलं, "ठीक आहे. दगड राहू द्या. दोनशे वर्षं जुना आहे म्हणालात. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष. त्या विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं. तुमचं कुठे लावलं आहे?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर लक्ष्मी, कुबेर आणि एका बँकेचं कॅलेंडर.

"नाही मॅडम, जुना कुठं? नवाच आहे. अँटिक लूक म्हटलं होतं मी. तुमचा ऐकण्यात काही फरक झाला असन."

पाऊण तासात चढलेली दोनशे वर्षं एका प्रश्नात उतरली. अशी सवलत मी कुठल्याच दुकानात पाहिली नव्हती. मग हिशोब. सगळे पैसे परत द्यायला तयार नव्हता, बदल्यात एक पितळी समई घ्या म्हणाला. समई मी उचलूनही पाहिली नाही, पितळ तपासायचं त्राण उरलं नव्हतं. पाच हजारांवर तडजोड झाली, गूगल पेवर, माझ्यासमोर. म्हणजे प्याला पडला साडेसहा हजारांना आणि वर लॅबचे सहाशे. माझ्या मते तुटलेल्या कानासकट त्याची किंमत अडीच-तीन हजार. मान तिरकी करणाऱ्या त्या अनोळखी कारागिराला त्यातले किती मिळाले असतील, हा विचार मात्र करवत नाही.

तुम्ही घ्यायला जाणार असाल तर दुकानदाराला एवढंच सांगा, जे बोलताय ते बिलावर लिहून द्या. दगडाचं नाव, काळ, दुरुस्ती असली तर तीही. ज्याचं पेन तिथे अडतं त्याचा टॉर्च कितीही चमकू द्या. गालाला लावून, उजेडात धरून, टिचकी मारून काही सिद्ध होत नाही. एक काटा, पातेलं आणि दोरा मात्र कोणाच्याही घरी असतो. आणि अशी वस्तू पुण्या-मुंबईच्या नातेवाइकामार्फत परदेशी पाठवायचा बेत असेल तर जपून. खरीखुरी जुनी असली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि नवी असल्याचं सिद्ध करायला माझ्याइतका खटाटोप पडेल.

दुकानाला एक तारा, तोही एसीला. प्याल्याला साडेतीन. अर्धा तारा तुटलेल्या शेपटीने गेला, एक त्या बुटाच्या पॉलिशने.

हे अजून त्याला जेडच म्हणतात. लॅबचा कागद वाचला, २.६१ स्वतः मोजला, तरी. शोकेसमध्ये अडकित्त्यांच्या मधोमध ठेवला आहे आणि रात्री कधी कधी मोबाईलचा टॉर्च आत धरून बघत बसतात. पाणी प्यायची परवानगी सासूबाईंनी दिलेली नाही. सुपारी ठेवली तर चालेल म्हणाल्या, कातरलेली.